गुड्डीचे चूलबंद आवतण

मित्रांनो, ओल्या वाळ्याचा वास तुम्हाला ठाऊक असेलच. बाहेर ऊन रणरणत असते, घरातली दारे लोटून अंधार केलेला असतो आणि खिडकीतून तो गार, मातकट वास आत येतो. तो वास देणारा मी. आंधळगावच्या भैय्यालालजींच्या घरचा लोखंडी कूलर. भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला, त्याच्या पुढच्याच उन्हाळ्यातला माझा जन्म, म्हणजे आमच्या जातीत मी पणजोबाच. पाय चारही शाबूत आहेत. रंग कितीदा बदलला ते आता आठवत नाही. माझ्या आवाजाबद्दल लोक काय बोलतात तेही मला ठाऊक आहे. बोलू द्या. एवढे मोठे काम तोंड मिटून होत नसते.

भंडाऱ्याच्या एका पत्र्याच्या दुकानात कवडू नावाच्या कारागिराने मला घडवले. एका जिल्ह्याचे दोन झाल्यामुळे त्या वर्षी जुन्या पाट्या उतरत होत्या आणि नव्या चढत होत्या. तशी एक उतरलेली पाटी कवडूच्या हाती लागली आणि तीच माझी पाठ झाली. आत वाकून पाहिलेत तर 'जिल्हा' या शब्दातला 'ल्हा' अजून दिसतो. कवडूने मला ठोकले, दुमडले, पोटात टाकी बसवली, दोन्ही बाजूंना वाळ्याच्या ताट्या लावल्या आणि वरून हिरवा रंग दिला. मग काळीपिवळी जीपच्या टपावर आडवा बांधून मला आंधळगावला आणले. मोहाडीच्या फाट्यावर लोक बोट दाखवून विचारत होते, "कोणाच्या घरी चालला हा?" मला मोठा अभिमान वाटला.

गावाला वाटले, भैय्यालालजी आता गारव्यात पाय पसरून झोपणार. पण मला माणसांसाठी आणलेच नव्हते. मला आणले होते सुतासाठी. भैय्यालालजींच्या घरी कोशाचे, म्हणजे टसर रेशमाचे कापड विणणारे हातमाग होते. उन्हाळ्यात हवा कोरडी पडली की मागावरचा धागा कडाकड तुटतो, आणि विणणाऱ्याचा अर्धा दिवस गाठी मारण्यात जातो. माझी ओली हवा लागली तेव्हापासून धागा शहाण्यासारखा वागू लागला. भैय्यालालजी माग चालवत आणि त्यांच्या पत्नी जानकीबाई कांड्यांवर धागा भरत. जानकीबाईंना उन्हाचा भारी तिटकारा. त्या माझ्या तोंडासमोरची जागा कोणाला म्हणून देत नसत. शेजारचे विणकर मला पाहायला येत, पाठीवर थाप मारत आणि आपल्या घरीही असाच एक आणायचा म्हणत. ती माझी खरी उमेदीची वर्षे होती.

पुढे त्यांच्या मुलाचे, कुंदनचे, हर्षाशी लग्न झाले आणि त्यांना मुलगी झाली. तीही कधी, तर नवतप्यात! मे महिना सरता सरता जे नऊ दिवस आकाशातून आग पडते, त्यांना आमच्याकडे नवतपा म्हणतात. दवाखान्यातून बाळ घरी आले तेव्हा भैय्यालालजींनी माग थांबवले, मागाची खोली रिकामी केली आणि बाळाची झोळी माझ्यापुढे टांगली. एवढेसे ते बाळ माझ्या घरघरीत गाढ झोपले. त्याच गुड्डीची ही गोष्ट आहे.

मित्रांनो, कोणाचेही दिवस सारखे राहत नाहीत. माग एकेक करून बंद झाले. भैय्यालालजी कापडाचा व्यापार पाहू लागले, कुंदन मोटारसायकलने वरठीच्या कारखान्यात जाऊ लागला. एका उन्हाळ्यात भिंतीवर एक पांढरा, गुळगुळीत पाहुणा चढला. त्याला एसी म्हणतात. तो बोलत नाही, पाणी पीत नाही, आणि दारे बंद केल्याशिवाय कामाला हात लावत नाही. मला उचलून घरामागे, सरपणाच्या छपरात नेऊन ठेवले. पाणी नाही, वीज नाही, कोणी विचारणारे नाही. शेवटी एक कोंबडी माझ्या टाकीत अंडी घालू लागली. मला ते आवडले असे मी म्हणणार नाही, पण निदान सोबत तरी झाली.

त्या छपरात रोज अंडी गोळा करायला गुड्डी येई. ती तेव्हा तिसरी संपवून चौथीत गेली होती. अंडी ओच्यात घेऊन ती तिथेच बसे आणि कोंबडीशी गप्पा मारी. एक दिवस ती म्हणाली, "सगळ्यायचा वाढदिवस शाळेत होते. साऱ्यायसाठी मी टाळ्या वाजवतो. माह्यासाठी कोणी नाई वाजवत."

खरेच होते ते. शाळेत ज्याचा वाढदिवस असेल त्याला प्रार्थनेनंतर पुढे बोलावत, सगळी शाळा टाळ्या वाजवी आणि चॉकलेट वाटले जाई. गुड्डीच्या वाढदिवसाला शाळेला मात्र कुलूप असे. मागच्या वर्षी हर्षाने भंडाऱ्याहून केक आणवला होता आणि दुपारी मुलांना बोलावले होते. नेमकी वीज गेली. पांढरा पाहुणा गप्प झाला. केकवरची साय खाली उतरली आणि 'गुड्डी'मधला 'ड्डी' वाहून गेला. एकही मूल आले नाही. असल्या उन्हात कुठली आई आपले लेकरू घराबाहेर सोडणार? गुड्डी नवा फ्रॉक घालून संध्याकाळपर्यंत दारात बसून राहिली. घराची पुढची-मागची दारे उघडी होती; मी छपरातून तिची पाठ पाहत होतो आणि माझा जीव तुटत होता.

गुड्डीचे कोंबडीशी चाललेले ते बोलणे आणखी एकीने ऐकले. छपरामागे स्वाती कपडे वाळत घालत होती. स्वाती म्हणजे कुंदनची धाकटी बहीण, गुड्डीची आत्या. शिकून घरी आलेली, हुशार आणि हट्टी. गावाला तिच्या लग्नाची फार घाई झाली होती, तिला स्वतःला मुळीच नव्हती. ती ओल्या हातांनीच छपरात आली आणि म्हणाली, "यंदा आपण करू तुहा वाढदिवस. अंगणात. खेळ, खाणं, सारं."

"नको, आत्या," गुड्डी म्हणाली. "कोणी नाई आलं तं?"

"येतीन."

"अन् नाई आले तं मंग मी कधीच वाढदिवस म्हणणार नाई. कधीच म्हणजे कधीच."

नऊ वर्षांचे पोर हे रडून म्हणाले असते तर मला एवढे लागले नसते. ती अगदी शांतपणे म्हणाली.

स्वातीने रात्री जेवताना विषय काढला. भैय्यालालजींच्या हातातला घास हातातच राहिला. "नवतप्यात लेकरायले अंगणात बसवतं काय? एखाद्याले ऊन लागलं तं काय तोंड दाखवू आपण?"

"बाबा, लेकरं सुट्टीभर खोलीत मोबाईल घेऊन पडले हायेत. अंगणच थंड केलं तं?"

"अंगण थंड? तू काय देव हायेस काय वो?"

बराच वेळ वादावादी झाली. शेवटी भैय्यालालजींनी अट घातली. "तुही माय चार वाजता अंगणात बसन, अन् भीतर चला म्हणणार नाई, तं करा तुमची पार्टी." आणि ते हसले, कारण जानकीबाईंना त्यांच्याइतके कोण ओळखणार! ज्या बाईला फाल्गुनातच उन्हाळा सुरू होतो, ती नवतप्यात अंगणात बसणार? जानकीबाईही हसल्या. स्वाती मात्र हसली नाही. ती दुसऱ्या दिवशी सकाळी सरळ माझ्याकडे आली.

मित्रांनो, त्या पांढऱ्या पाहुण्याला भिंत सोडून अंगणात येता येत नाही. मला येते. हे सांगताना थोडा गर्व होतो, तो सोसून घ्या.

कोंबडीने जागा सोडताना फार कटकट केली. गुड्डीने विटेच्या तुकड्याने घासघासून माझा गंज काढला, हर्षाने टाकीच्या भोकांना डांबर लावले, आणि स्वाती एसटीने भंडाऱ्याला जाऊन वाळ्याच्या नव्या ताट्या घेऊन आली. रविवारी कुंदनला सुट्टी होती. त्याने पंप उघडून त्यात अडकलेली कोंबडीची पिसे काढली, वायर बदलली आणि बटण दाबले. आधी मी कण्हलो, मग खोकलो, मग जो सुरू झालो तो असा, की भिंतीपलीकडच्या शकुनबाई काय पडले ते पाहायला धावत आल्या. गुड्डी माझ्यासमोर डोळे मिटून उभी राहिली. तिचे केस उडत होते. मला झोळीतले ते बाळ आठवले, आणि आपण अजून कोणाच्या तरी कामाचे आहोत या आनंदाने मी आणखी जोरात फिरू लागलो.

सावलीसाठी स्वाती हिरवी जाळी आणणार होती. भैय्यालालजींनी अट घातली होती खरी, पण हातावर हात धरून बसणे त्यांच्या स्वभावात नव्हते. "जाळीनं सावली येते, थंडाई नाई येत," ते म्हणाले. "जांभूळ पायजे." त्यांनी एका दोस्ताच्या बांधावरून जांभळाच्या डहाळ्या तोडवल्या आणि बैलगाडीत भरून गावातून वाजतगाजत नाही, पण सगळ्यांच्या देखत घरी आणल्या. बांबू रोवले, डहाळ्या दाट अंथरल्या. मांडव घालायची त्यांना एकच रीत ठाऊक होती, म्हणून दर्शनी बाजूला आंब्याच्या पानांचे तोरणही बांधले. जमीन शेणाने सारवून वर पाणी शिंपडले. मांडवाच्या एका कडेला विटांवर मला उभे केले आणि मुलांचा ओला हात लागू नये म्हणून माझ्याभोवती दोरीचे कुंपण केले.

मग आली परीक्षेची दुपार. चार वाजले होते. गल्लीत कुत्रेसुद्धा दिसत नव्हते. जानकीबाई पदराने तोंड पुसत मांडवात आल्या आणि खाटेवर बसल्या. कुंदनने मला सुरू केले. भैय्यालालजी ओट्यावरून, स्वाती खांबाआडून आणि गुड्डी माझ्या शेजारून त्यांच्या तोंडाकडे पाहत होती. जानकीबाईंनी आधी पदर सैल केला. मग पाय वर घेतले. मग, "अशीच थोडी आंग टाकतो," असे म्हणून त्या आडव्या झाल्या, आणि मी सांगतो, माझ्यापेक्षाही मोठ्याने घोरू लागल्या.

"उठवा तिले," भैय्यालालजी म्हणाले, "नाई तं उद्यापासून माहा पलंग बी इथंच लागन." अट पुरी झाली.

आता तयारीला जोर आला. जानकीबाईंच्या जुन्या पितळी घंगाळात पाणी भरून त्यात कोसे, म्हणजे टसरच्या अळीचे रिकामे कोश, होड्या म्हणून सोडायचे, आणि माझ्या वाऱ्यावर कोणाची होडी आधी पलीकडे जाते ते पाहायचे. टरबुजाच्या बिया लांब उडवायची शर्यत लावायची. ओल्या फडक्याचा चेंडू करून शिवाशिवी खेळायची, म्हणजे ज्याच्यावर राज्य येईल तो आपोआप गारही होईल. हे सगळे खेळ गुड्डी आणि स्वाती यांनी मिळून शोधले होते, आणि त्यांचे नियम गुड्डीला तोंडपाठ होते. केक नकोच, वैनगंगेच्या रेतीतले मोठे टरबूजच केकसारखे कापायचे ठरले. ते वितळत नाही.

खाण्याचा विचार निघाला तेव्हा स्वाती म्हणाली, "वयनी, एवढ्या गर्मीत कोणीच चुलीपाशी बसायचं नाई. दहीपोहे, मुरमुऱ्याची भेळ, मठ्ठा, आंबे. त्या दिवशी आपल्या घरी चूल बंद."

"चूल बंद?" हर्षाने विचारले. तिला एवढा आनंद झाला की तिने पुन्हा विचारले, "खरंच चूल बंद?"

गुड्डी तिथेच कोशांना रंग देत बसली होती. तिला हा शब्द फार आवडला. संध्याकाळी ती मुलांना बोलवायला निघाली तेव्हा पहिली शकुनबाईंच्या भिंतीशी गेली. मला सगळे ऐकू येत होते.

"शकुनआजी, उद्या दिवस कलल्यावर आमच्या मांडोत येजा. चूलबंद हाय."

"चूलबंद?" शकुनबाईंच्या हातातले सूप थांबले. "आत्याचं हाय काय वो?"

"हाव, आत्याचंच. तिनंच ठरवलं सारं."

"तिनंच ठरवलं? अरे बाप्पा!" शकुनबाईंनी तोंडावर हात ठेवला. "अन् तुह्या आबाजीले चाललं?"

"पयले नाई म्हणत होते. मंग मानले."

मलाही त्यात काही वावगे वाटले नाही. कूलरला आवतणातले काय कळणार? गुड्डी आनंदाने पुढच्या दारी गेली, तिथून त्याच्या पुढच्या दारी.

वाढदिवसाचा दिवस उजाडला. सकाळपासून ऊन असे तापले की विहिरीचे पाणीही कोमट लागत होते. मी दुपारपासून मांडव गार करून ठेवला. रंगवलेले कोसे माळेत लोंबत होते, घंगाळ भरून ठेवले होते, टरबूज घरात ओल्या गोणपाटाखाली होते. गुड्डीने पिवळा फ्रॉक घातला होता आणि केसांना पिवळी रिबीन बांधली होती. ती खाटेच्या कडेला बसली आणि फाटकाकडे पाहू लागली.

ऊन ओट्यावरून उतरले. कोणी आले नाही. अंगणातली सावली भिंतीपर्यंत गेली. कोणी आले नाही. शकुनबाईंचा नातू तर भिंतीपलीकडेच राहतो, तोही आला नाही. हर्षा आतबाहेर करत होती. भैय्यालालजी उगाच तोरण सारखे करत होते. मी जीव तोडून वारा सोडत होतो, पण रिकाम्या मांडवात वारा घालण्यासारखे दुसरे दुःख नाही. शेवटी गुड्डीने केसांची रिबीन सोडली, घडी घातली आणि स्वातीच्या हातात दिली.

"मी म्हटलं होतं ना, आत्या," ती म्हणाली. स्वातीने ती मुठीत धरली.

तेवढ्यात फाटक वाजले.

आधी शकुनबाई आल्या. अंगावर काठाचे लुगडे, हातात रुमालाने झाकलेले ताट. त्यांच्यामागे त्यांचे यजमान टोपी घालून, त्यांच्यामागे सासरे काठी टेकत, त्यांच्यामागे सुना, नातवंडे, सगळे न्हाऊन, तेल लावून, नवे कपडे घालून. त्यांच्यामागे पुढच्या घरचे. त्यांच्यामागे त्याच्या पुढच्या घरचे. बघता बघता अंगण भरले आणि लोक गल्लीत उभे राहू लागले. प्रत्येकाच्या हातात काही ना काही होते. गुड्डी खाटेवर उभी राहून तोंडाचा आ करून पाहत होती.

शकुनबाईंनी मांडवात चौफेर नजर फिरवली. "नवरदेवाकडचे नाई आले काय अजून?"

"कोणता नवरदेव?" भैय्यालालजींनी विचारले.

"आता आमालेच इचारता काय, भाऊ? स्वातीचा!"

स्वाती आतून टरबूज घेऊन येत होती. ते तिच्या हातून सुटलेच होते, कुंदनने वरच्यावर धरले.

"कोणाचं लगन? कायचं लगन?" भैय्यालालजींचा आवाज चढला.

"दारात जांभळाचा मांडो," शकुनबाई बोटांवर मोजत म्हणाल्या, "त्याले आंब्याचं तोरण. वऱ्हाडासाठी कूलर लावून ठेवला. तुमच्या नातनीनं दारोदार चूलबंद आवतण देल्लं. अन् लगन नाई म्हणता?"

आता सगळ्यांच्या नजरा गुड्डीकडे वळल्या. ती गोंधळून म्हणाली, "चूलबंद म्हणजे चूल बंद. आज आमच्या घरी काहीच रांधलं नाई."

मित्रांनो, तुम्ही दूरचे असाल तर सांगायला हवे. आमच्याकडे लग्नाचे साधे आवतण घरातल्या एकादोघांना असते. पण 'चूलबंद' म्हटले की घरातल्या एकूण एक माणसाला जेवायला बोलावले. त्या दिवशी त्या घरची चूल पेटायचीच नाही. हा मोठा मान असतो, त्याला कोणी नाही म्हणत नाही. म्हणूनच दुपारभर एकही मूल आले नव्हते. आया त्यांना धरून न्हाऊ घालत होत्या! सगळी गल्ली सकाळपासून चूल न पेटवता, पोट रिकामे ठेवून भैय्यालालजींच्या घरी जेवायला आली होती. आणि भैय्यालालजींच्या घरी होते गुड्डीच्या दहा-पंधरा सवंगड्यांपुरते दहीपोहे.

भैय्यालालजींनी डोक्याला हात लावला. चूलबंद पाहुणा दारातून उपाशी परत गेला, तर त्या घराला गावात तोंड वर करायला जागा राहत नाही. गुड्डीचे डोळे भरून आले. आपल्या हातून काहीतरी भयंकर झाले एवढेच तिला कळत होते.

तेव्हा जानकीबाई उठल्या. त्यांनी गुड्डीला जवळ ओढले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाल्या, "लगन नाई. माह्या गुड्डीचा वाढदिवस हाय. पर माह्या नातनीनं चूलबंद म्हटलं, तं ते चूलबंदच हाय. घरात जेवढं असन तेवढं सारं काढा, हर्षा. धानाच्या कोठीतले पोहे काढा. उपाशी कोणी जाणार नाई."

मग शकुनबाईंचे म्हातारे सासरे हसू लागले. काठी आपटून आपटून हसले. त्यांच्यामागे सगळे अंगण हसले. जानकीबाईंचे घोरणे सोडले, तर मला आयुष्यात एकदाच माझ्यापेक्षा मोठा आवाज ऐकू आला आणि तो हा.

"जानकीबाई, आमच्या घरी दह्याचं मडकं भरलं हाय," शकुनबाई ताट खाली ठेवत म्हणाल्या. "अन् चूल नाई पेटवायची ना? नाईच पेटवत मंग!"

मग जी धावपळ उडाली, तशी मी कधी पाहिली नाही. कोणी मुरमुऱ्यांचे पोते आणले, कोणी कांदे, कोणी कैऱ्या, कोणी पिकायला घातलेल्या आंब्यांची अख्खी आढी उपसून आणली. टोपी घातलेले पुरुष मांडी घालून कांदे चिरू लागले आणि डोळे पुसू लागले. मोठ्या परातीत भेळ कालवली गेली. ज्या घंगाळात होड्या सोडायच्या होत्या त्यात मठ्ठा घुसळायची सूचना कोणीतरी केली, तेव्हा गुड्डी पुढे आली.

"घंगाळ नाई देणार," ती म्हणाली. "त्याच्यात शर्यत हाय."

"कायची शर्यत?" मुलांनी विचारले.

झाले. गुड्डीने नियम सांगायला सुरुवात केली आणि सगळ्या अंगणाचा ताबा तिच्याकडे गेला. पोरे घंगाळाभोवती गोळा झाली. मी तोंड थोडे फिरवून, म्हणजे कुंदनने फिरवून, पाण्यावर वारा सोडला. लाल, निळे, पिवळे कोसे पाण्यावरून पळाले. ज्या माणसांनी जन्मभर कोशातून धागा काढला, ती माणसे गुडघ्यांवर बसून कोशाला "चाल, चाल, पुढं चाल!" असे ओरडून सांगत होती. भैय्यालालजींची होडी हरली तेव्हा त्यांनी कूलर एका बाजूला कलता आहे अशी तक्रार केली. गुड्डीने ती फेटाळली. बिया उडवण्यात शकुनबाईंच्या सासऱ्यांनी सगळ्या पोरांना मागे टाकले, त्यांना समोरचे दात नसल्याचा फायदा झाला. ओल्या चेंडूच्या शिवाशिवीत काठाची लुगडी भिजली आणि कोणालाही त्याचे वाईट वाटले नाही. नवतप्याची संध्याकाळ होती आणि आंधळगावच्या त्या अंगणात कोणालाही ऊन आठवत नव्हते.

मग जानकीबाईंनी पाट मांडला. नवरीसाठी आणलेला आहेर परत न्यायचा नसतो, म्हणून सगळ्या बायांनी तो गुड्डीच्याच ओटीत घातला. चोळीचे खण, नारळ, स्टीलची भांडी, एकीने तर चक्क हिरवा चुडा! गुड्डी त्या ढिगाऱ्यामागे जेमतेम दिसत होती. एकेक बाई पुढे येऊन तिला कुंकू लावून ओवाळत होती. टरबुजाच्या केकवर मेणबत्ती लावली. गुड्डीने फुंकायला गाल फुगवले आणि माझ्या वाऱ्याने ती आधीच विझवली. पुन्हा लावली, मी पुन्हा विझवली. माझा नाइलाज होता. शेवटी स्वातीने पदराचा आडोसा केला आणि गुड्डीने एका फुंकरीत ती विझवली.

आणि टाळ्या पडल्या. एका वर्गाच्या नव्हे, एका शाळेच्या नव्हे, अंगणातल्या आणि गल्लीतल्या लहानथोरांच्या टाळ्या. त्या थांबतच नव्हत्या. गुड्डी हसत होती आणि रडत होती. मीही हललो असेन, कारण कुंदनने येऊन माझ्या पायाखालची वीट नीट केली.

तेव्हापासून दर नवतप्याला आमच्या अंगणात मांडव पडतो. आता त्यात फक्त गुड्डीचा वाढदिवस नसतो. सुट्टीत जन्मलेली सगळी गल्ली तिथे एकदम ओवाळली जाते. दुसऱ्या गल्ल्यांतले, मोहाडीचे, वरठीचे लोक स्वातीला बोलवायला येऊ लागले, आमच्याही अंगणात असे करून दे म्हणू लागले. मग मी हातगाडीवर बसून तिच्याबरोबर जाई. किती अंगणे गार केली त्याला गणती नाही. पुढे स्वातीचेही लग्न झाले. तेव्हा भैय्यालालजी स्वतः घरोघर गेले आणि प्रत्येक दारात सांगून आले, "या खेपेले खरंच लगन हाय बरं."

मित्रांनो, आता माझे थोडे ऐका. तुमच्या घरी माझा एखादा भाऊबंद असेल तर पावसाळा लागताच त्याची टाकी रिकामी करा, ताट्या उन्हात वाळवा, पंप पुसून ठेवा. तो चालू असताना त्याला ओला हात लावू नका, आमच्या पोटात पाणी आणि वीज शेजारी शेजारी राहतात. तो जुना झाला म्हणून लगेच भंगारात देऊ नका. आधी त्याला एकदा अंगणात आणून पाहा.

आणि आणखी एक. तुमच्या वर्गात असे एखादे मूल असेलच, ज्याच्या वाढदिवसाला शाळेला सुट्टी असते. त्याची तारीख आजच विचारून ठेवा. त्या दिवशी डोक्याला रुमाल बांधा, पाणी पिऊन निघा आणि त्याच्या दारी जा. ते बोलावणार नाही. त्याला वाटत असते की कोणी येणार नाही. तुम्ही फाटक वाजवा.